चारशेची मोटर, दोनशे तीसचं घर

माझ्या हातून मोटर जळली नाही, हे आधीच सांगून टाकतो. नायगावात उगाच तशी बोलवा आहे.

जळकोटच्या मेव्हण्यानं त्याची जुनी शेवयाची मशीन आम्हाला दिली. बायकोला, म्हणजे शोभाला, उन्हाळाभर गल्लीच्या शेवया करून द्यायच्या होत्या. अडचण एवढीच की मशीनची मोटर थ्री फेजची, चारशे व्होल्टची, आणि आमच्या घरात साधी दोनशे तीसची लाइन (तीही आली तर). मोटर दोनशे तीसवर बांधून देणाऱ्याकडं शेतातल्या जळक्या मोटरींचा ढीग पडलेला. आठ दिवस थांबा म्हणाला. पण शोभा सगळ्यांना सोमवारचा शब्द देऊन बसली होती. त्यात माझ्या थोरल्या वहिनींनी लेकीच्या रुखवताच्या शेवयांसाठी रात्रीच रवा भिजवून ठेवला. या उन्हात तो दुपारपर्यंत आंबणार, आणि रुखवत बिघडलं की ते शोभाला जन्मभर ऐकावं लागणार!

मी शाळेत इतिहास शिकवतो. तरीही म्हणालो, "त्यात काय लागतंय? मी करतो की."

मोबाइलवर बघून मोटरीचं झाकण उघडलं, आतल्या पितळी पट्ट्या दाखवल्या तशा फिरवल्या, बाजारातून कपॅसिटर आणून जोडला. आता एकदा रिकामीच चालवून बघावी, हे शहाण्या माणसाला सुचलं असतं. मला पूजा सुचली. तीन बोटांनी मशीनवर विभूतीचे जाड पट्टे ओढले, नारळ फोडला. तोवर गल्लीतल्या बायका डबे घेऊन जमल्या होत्या.

बटण दाबलं. मोटर घुमली, पट्टा फिरला, माझी छाती फुगली. शोभानं वहिनींच्या रव्याचा गोळा वरून टाकला आणि खाली साडी अंथरलेली बाज सरकवली. शेवया काही येईनात. मी लाकडी दांड्यानं गोळा दाबला, तो वर आला. आणखी जोर लावला, तर दांड्यावरून चढत मनगटापर्यंत आला! रवा घट्ट भिजलाय, असं मी जाहीर केलं. त्यावर वहिनींनी माझ्या सात पिढ्यांची अक्कल काढली (त्यांचे सासरे त्यातच आले, पण रागात कोण बघतं). तेवढ्यात माझं उपरणं पट्ट्यात गेलं आणि त्याच्यामागं मीही निघालो.

शोभानं पिन ओढली. मी आधी बोटं तपासली. सगळी जागेवर होती.

शोभा ओल्या फडक्यानं मशीन पुसायला लागली, तशी विभूतीखालून एक बाण निघाला. कुठल्या दिशेनं फिरवायची ते दाखवणारा. आमची मोटर बरोब्बर उलटी फिरत होती.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, इभूत देवाला लावायची सोडून बाणाला कशाला लावली?"

मी गुपचूप कपॅसिटरची एक वायर इकडची तिकडं केली. बायका पार रस्त्यापलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. शोभा तेवढी जवळ थांबली आणि तिनंच बटण दाबलं. केसासारख्या बारीक शेवया झरझर बाजेवर उतरल्या. रवा आंबला नव्हता. मला तर रडूच यायचं बाकी होतं.

रुखवत झकास झालं. शोभाचं कामही जोरात सुरू आहे. फक्त येणारी प्रत्येक बाई दारातूनच विचारते, "वैनी, सर घरी हायत का?" शाळेत गेलेत म्हटल्यावरच डबा खाली ठेवते. आता शाळेला सुट्टी लागलीय, तरी मी रोज सकाळी शाळेत जाऊन बसतो.