दामूकाकांची पार्किंगची जागा

दामूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा आमची गणपतीची मीटिंग चालू होती. खरं सांगते, रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, आता त्या जागेचं काय करायचं? जाता जाताही या माणसाने माझ्या डोक्याला एक काम लावलंच.

शिकागोजवळ नेपरव्हिलला आमच्या मराठी मंडळाची स्वयंसेवकांची फौज काकांनी उभी केली. नारिंगी जॅकेट, गळ्यात शिट्टी, संक्रांतीला भर बर्फात एकेक गाडी रांगेत लावायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावरच आपण पानावर बसायचं, ही त्यांची शिस्त. इथे जन्मलेली पोरंसुद्धा त्यांना ‘चीफ’ म्हणत. २००५ साली गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी तासन्‌तास उभं राहणं बंद केलं आणि काकांना निवृत्त करायचं काम अध्यक्ष म्हणून माझ्या गळ्यात आलं. मला वाटलं, शाल-श्रीफळ दिलं की झालं. कसलं काय! काकांनी माझ्याच डायनिंग टेबलाशी बसून, माझाच चहा पीत अटी सांगितल्या. मानधन म्हणून दर गणपतीला एक नारळ, तोही प्रसादातला नाही, वेगळा. शिट्टी परत मिळणार नाही. जेवण शेवटच्या पंगतीला, स्वयंसेवकांबरोबरच. आणि ज्या शाळेत आमचे कार्यक्रम होतात, तिच्या दाराजवळची पार्किंगची एक जागा, कायमची. कमिटी म्हणाली, बाकी सगळं देऊ, जागा नाही. उद्या सगळेच माजी मागायला लागतील. आख्खा उन्हाळा मी इकडचे निरोप तिकडे नेत होते. शेवटी वैतागून म्हटलं, "काका, किती ताणताय! समोर पहिल्या रांगेत आरामात बसा ना."

"मला पाहुणा करू नकोस गं," ते म्हणाले... आणि कप उचलून स्वतःच सिंकमध्ये ठेवून आले. मग काय, कमिटीशी भांडून मी जागा मिळवली.

गणपतीत बघते तर त्यांची बायको, शैलाकाकू, त्यांना दारात सोडून गाडी घेऊन घरी गेलेल्या, आणि काका त्या जागेत घडीची खुर्ची टाकून शिट्टी वाजवतायत! नवा प्रमुख समीर अगदी रडकुंडीला आला. तो गाड्या डावीकडे पाठवायचा, हे उजवीकडे. मी तावातावाने गेले तर मलाच सुनावलं, की जागा माझी आहे, गाडी लावीन नाही तर खुर्ची, आणि डॉक्टर उभं राहू नका म्हणाले होते, मी बसलोय. घ्या! पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पुढची सगळी वर्षं हेच चाललं. मी हात टेकले.

कायमची म्हणजे कधीपर्यंत, हे ठरवायचं मात्र राहूनच गेलं होतं. यंदा गणपतीच्या दिवशी सकाळीच काकूंनी ती खुर्ची माझ्याकडे आणून दिली, म्हणाल्या, घरात अडचण होते. मी ती जागेवर उघडली, ठरलेला नारळ तिच्यावर ठेवला. तेवढ्यात एका मुलीने गाडी थांबवून काच खाली केली, "आंटी, इज धिस टेकन?"

"हो," मी म्हटलं आणि हात करून तिला उजवीकडे पाठवलं. समीर डावीकडून बोलावत होता.