लाटंबार्सेच्या काजूरानात

दादा गेल्यावर मी देवाकडे पाठ फिरवली असं लोक म्हणत, पण ते खरं नव्हतं. पाठ फिरवायलाही थोडं धैर्य लागतं. मी नुसता त्याच्यासमोर जायचं टाळत होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. साखरेच्या आजारानं आधी त्याचा एक पाय नेला, मग मूत्रपिंडं गेली आणि दीड वर्षात तो गेला. ते दीड वर्ष मी डिचोलीतल्या आमच्या घरात रोज सकाळी देवापुढे बसून त्याचं आयुष्य मागितलं होतं. नवस बोललो, उपास केले, काही उपयोग झाला नाही. आणि त्याचं तेरावं आटोपून पंधरा दिवस होतात न होतात, तोच माझ्या रक्ताच्या तपासणीचा कागद हातात आला. त्यावर तोच आजार होता.

तेव्हापासून मी भीतीच्या सोबतीनं राहू लागलो. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. पायाला मुंगी चावली तरी मी तळवा उजेडात धरून बघायचो. पणजीला ऑफिसात फाइल चाळताना अक्षर जरा अंधुक दिसलं की छातीत धस्स व्हायचं. आता डोळे जाणार. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, हा आजार आटोक्यात राहतो. म्हणून मी ग्रॅव्हल बाइक घेतली. खडीच्या आणि मातीच्या रस्त्यांवर चालणारी, जाड टायरांची सायकल. आमच्या भागात तशा वाटांना तोटा नाही. डिचोलीच्या बाहेर पडलं की टेकडीमागून टेकडी लागते. एक चढ संपला की उतार, उताराच्या पायथ्याशी व्हाळ म्हणजे ओढा, तो व्हाळ ओलांडला की पुन्हा चढ. मध्ये किंदळाची नि माट्टीची झाडी आणि मैलभर काजू. खाणीच्या ट्रकांसाठी कधीकाळी केलेले तांबडे रस्ते आता ओस पडलेत, त्यांवर चाकाखाली जांभ्याची खडी करकरते. दर रविवारी मी अशी तीस-चाळीस किलोमीटर सायकल मारायचो. शेजारी म्हणायचे, या वयात केवढी हौस! माझं मला ठाऊक होतं. मी दादाच्या आजारापासून पळत होतो.

ही गोष्ट चैत्रातल्या एका रविवारची. ऊन चढायच्या आत परतायचं म्हणून घाई केली. सुई घेतली आणि चहाबरोबर जेमतेम अर्धा उंडो पाव खाल्ला. बायको म्हणाली, "सगळा खाऊन जा, नाहीतर मी सोडणार नाही." मी म्हटलं, "वाटेत खाईन, पिशवीत आहे सगळं." बिस्किटं, चिक्की आणि साखरेची पुडी अशी एक पिशवी मी नेहमी हँडलला बांधत असे. लाटंबार्से मागे टाकून मी वरच्या अंगाच्या रानात शिरलो. लांबलचक चढ होता, नेहमीपेक्षा जास्त दम लागला. पलीकडचा उतार खडबडीत, सगळी सायकल दणदणत खाली आली. व्हाळाशी थांबून पाणी प्यायलो आणि हात पिशवीकडे गेला तर तिथं नुसता पट्टा लोंबत होता.

मागे जाऊन शोधावी तर तो सगळा चढ पुन्हा चढायचा. त्यापेक्षा पुढे गाव जवळ असेल असा हिशेब केला, आणि तिथंच चुकलो. दहा मिनिटांत हात थरथरू लागले. मग घाम फुटला, उन्हाचा नव्हे, थंडगार. काय होतंय ते मला कळत होतं. रक्तातली साखर उतरत होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, असं झालं तर लगेच काहीतरी गोड खायचं, उशीर केला तर शुद्ध जाईल, आणि एकटे असाल तर जिवावर बेतेल. मोबाइल काढला, रेंज नव्हती. पुढे वाट दोन ठिकाणी फुटली. एक मी घेतली, थोड्या वेळानं त्याच जागी परत आल्यासारखं वाटलं. काजूची झाडं सगळी सारखी. वाकडी खोडं, लालसर पालवी, दाट सावली. पिकल्या बोंडांचा, काजूच्या त्या रसाळ फळांचा, आंबूस वास गच्च भरला होता. मी सायकलवरून उतरलो आणि ती ढकलत चालू लागलो. पाय माझे वाटत नव्हते.

एवढ्यात स्कूटरचा आवाज आला. दोघेजण होते. मी हात वर केला, काहीतरी बोललोही, पण जीभ जड झाली होती आणि शब्द आपसात चिकटले होते. त्यांनी वेग कमी केला. मागचा हसून म्हणाला, "सकाळींच हुर्राक मारलां मरे!" हुर्राक म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू. त्या दिवसांत रानावनात झुलणारा माणूस दिसला तर कुणालाही तसंच वाटणार. त्यांचा दोष नाही. स्कूटर वळणाआड गेली, आवाज विरला आणि त्यानंतर जी शांतता पडली तिच्याइतकी भयानक शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. माणसं येऊन, मला बघून गेली होती. आता कोण येणार?

सायकल कलंडली, तिच्याबरोबर मीही. एका काजूच्या बुंध्याशी पडलो. डोळ्यांपुढे काळं-पिवळं नाचत होतं. दादाचा शेवटच्या दिवसांतला चेहरा दिसला. वाटलं, मी इथंच जाणार. संध्याकाळपर्यंत कुणाला कळणारही नाही, बायको दारात उभी राहील. देवाचं नाव घ्यावंसं वाटलं, इतक्या वर्षांचं पाठ असलेलं स्तोत्र आठवू लागलो, तर पहिली ओळसुद्धा येईना. कुलदेवीचं नाव आठवेना. स्वतःचं नाव विचारलं असतं तर तेही सांगता आलं नसतं. सगळं पुसलं गेलं होतं. काय म्हणायचं, कुणाला म्हणायचं तेच कळेना, आणि तोंडातून नुसतं "बघ गो" एवढंच आलं. कुणाला म्हणालो, मला ठाऊक नाही. पण ते म्हटल्यावर उठायची धडपड थांबली. मी पडून राहिलो. भीती तेवढीच होती, फक्त माझ्या हातात काही उरलं नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पाचोळा वाजला. साठीची एक बाई समोर वाकलेली दिसली, कमरेला खोचलेलं लुगडं, डोक्याला फडकं. तिनं आधी माझ्या तोंडाशी नाक आणलं, मग कपाळाला हात लावला.

"दारवेचो वास नाय," ती स्वतःशीच म्हणाली. "घाम बरफासारखो गार. शुगर आसा काय रे तुका?"

मी मान हलवली असेन. ती खाली बसली. माझ्या अंगाभोवती, हाताशी, पाठीखाली पिकलेली काजूची बोंडं पडली होती. रात्रीत गळलेली, पिवळी, लाल, रसानं फुगलेली. मी त्यांच्यावरच लोळत होतो. तिनं दोन उचलली, पदराला पुसली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि मुठीत बोंड पिळून थेंब थेंब रस माझ्या ओठांत सोडू लागली.

"गीळ हां. बोला नको. आधी गीळ, मगे बोल."

रस घशाला खवखवला. एक झालं, दुसरं, तिसरं. मी गिळतोय हे बघून मग ती बोंडाच्या फोडी तोंडात भरवू लागली. पंधरा-वीस मिनिटांनी झाडाची पानं वेगवेगळी दिसू लागली. माझं नाव मला आठवलं. आणि मग मी त्या अनोळखी बाईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडलो.

"रडा नको रे, झिला," ती म्हणाली. "आमच्या ह्यांका पण शुगर होती. असेच थरथरायचे नि लोक म्हणायचे, पियालो. मी एकटी वळखायचंय."

तिनं माझी सायकल एका हातानं धरली, दुसऱ्या हातानं मला, आणि डांबरी रस्त्यापर्यंत आणून सोडलं. बस येईपर्यंत बसून राहिली. मध्येच एक बोंड पुढे करायची, मी खायचो.

पुढच्या रविवारी बायकोला घेऊन तिला शोधायला गेलो. सापडायला वेळ लागला नाही. दोडामार्गाकडून दर हंगामाला काजू वेचायला येणारी ती बाई, लाटंबार्सेत एका बागायतदाराच्या खोलीत राहायची. आम्हाला बसायला घोंगडी घातली, चहा टाकला. मी विचारलं, त्या दिवशी ती त्या बाजूला कशी आली? ती हसली.

"तो भाग आम्ही आदल्याच दिवशी येचलेलो. थंय जावचा कायच कारण नाय होता. कोयतो थंय इसरलंय असा वाटला म्हणान सोदूक गेलंय. आणि घराक इलंय तर कोयतो दाराच्या पाठी!"

एवढं सांगून ती चहात साखर घालायला वळली, मग आठवून माझ्या कपात घातली नाही. बायको माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. मी निघताना वाकलो तर बाई मागे सरकली. "माज्या पायां नको रे. माका काय ठावक, तू थंय आसंस म्हणान?"

तिचं ते वाक्य मी अजून मनात फिरवतो. तिला ठाऊक नव्हतं. मला काही करता येत नव्हतं. जे खाऊन मी वाचणार होतो ते माझ्या तळहाताला चिकटलं होतं आणि ते ओळखण्याइतकीही शुद्ध माझ्यात उरली नव्हती. तरी मला सांभाळलं गेलं. कुणी, कसं, याचा मी वाद घालत नाही. दादाला का नाही, हा प्रश्न सुटलेला नाही. तो मी घेऊनच जाईन बहुतेक. पण ज्यानं दादाला नेलं त्यानंच मला ठेवलं असेल, तर त्याच्याशी हिशेब मांडायची माझी पात्रता नाही, एवढं त्या झाडाखाली कळलं.

आता मी पोटभर खाल्ल्याशिवाय निघत नाही, एकटा जात नाही, साखरेची पुडी खिशात असते. काळजी घेणं माझं काम आहे आणि ते मी करतो. भीती गेलेली नाही, चढ आला की ती माझ्याबरोबर चढते. व्हाळ ओलांडून रान सुरू झालं की मी क्षणभर थांबतो, हात जोडतो, काही मागत नाही, आणि पायडल मारतो.