देवघरावरून गेलेला पाइप

पोलिसांतल्या नोकरीत खून-दरोडे पुष्कळ पाहिले, पण अंबडमधल्या त्या ऑफिसचा जिना अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला एकही खिडकी नाही. भरदुपारी छतात काहीतरी जळाल्याचा वास आला, वीज गेली, धूर पसरला. उतरताना अकाउंट्समधल्या एक बाई अंधारात कोसळल्या आणि त्यांच्या पाठीचा कणा मोडला. अशा वेळी जिन्यातले आपत्कालीन दिवे लागायला हवे होते; बॅटरीपासून त्यांना वेगळी लाइन होती. ते लागलेच नाहीत.

पंचनामा चालू असतानाच खबर आली. खबऱ्या जुना, सहसा चुकत नसे. ऑफिसच्या वायरमनचं मॅनेजरशी कडाक्याचं भांडण झालं होतं, त्यानंच डूख धरून दिव्यांची लाइन कापली, असं खबऱ्याचं म्हणणं. मॅनेजरनंही दुजोरा दिला. "साहेब, त्याला आधी आत घ्या," म्हणाला. अशी घाई करणाऱ्या माणसाकडे मी जरा जास्त वेळ बघतो.

वायरमन नांदगावकडचा, चाळिशीचा. त्याला खुर्ची दिली, चहा मागवला. पोलिसांनी चहा पाजला की माणूस जास्तच घाबरतो.

"भांडण कशावरून झालं?"

"कामावरून, साहेब."

"कुठल्या कामावरून?"

घातपाताचं कलम लागलं तर उमेदीची वर्षं तुरुंगात जातील, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तरी त्याचं तोंड उघडेना. मला त्याचा रागच आला.

दुसऱ्या दिवशी विद्युत निरीक्षकांनी छत उघडलं. तार कुणी कापलेली नव्हतीच. एसीची आणि आपत्कालीन दिव्यांची तार एकाच पाइपात कोंबलेली होती. एसीची तापली आणि दोन्ही वितळून एकमेकींना चिकटल्या. "या दोन लाइन वेगळ्याच न्यायच्या असतात," निरीक्षक म्हणाले. "नाहीतर एकीबरोबर दुसरी जाते." ते बोलत असताना माझं लक्ष कोपऱ्यातल्या देवघराकडे गेलं. त्याच्या वर भिंतीत ओळीनं भोकं बुजवलेली दिसली, वरचा रंग ताजा. मी ऑफिसच्या शिपायाला विचारलं.

"तिथं जिन्याच्या दिव्यांच्या तारेचा पाइप होता, साहेब. वास्तुवाले म्हणाले, ईशान्येला देवाच्या डोक्यावरून विजेची लाइन नको. मॅनेजरसाहेबांनी काढायला लावला."

मॅनेजर आणि वायरमनला समोरासमोर बसवलं. मॅनेजरचा आवाज उतरला होता. "धंद्याला बरकत नव्हती. मालक म्हणाले, काढून टाका. एका पाइपानं काय होतंय, असं मलाही वाटलं."

तेव्हा कुठे वायरमन बोलला. "मी नाय म्हणलो होतो साहेब, त्याच्यावरूनच लय वाजलं. पण दुसऱ्या दिशी मीच शिडी लावली, अन् मीच ती लाइन एसीच्या पाइपात वढली. मी नसती वढली तर दुसऱ्यानं वढली असती." एवढं बोलून तो रडायला लागला.

घातपाताचा संशय मिटला. निष्काळजीपणाचा गुन्हा मालक, मॅनेजर आणि वायरमन अशा तिघांवर दाखल केला. वायरमनची कीव आली, तरी त्याचं नाव वगळलं नाही.

मग बाईंचा जबाब घ्यायला इस्पितळात गेलो. त्यांच्या पायांत संवेदना उरली नव्हती. सगळे उतरले आणि तुम्हीच मागे कशा राहिलात, असं विचारलं.

"आम्हाला नेहमी सांगायचे, वीज गेली तर घाबरून पळू नका, जिन्यात दिवे लागतात. म्हणून मी थांबले. फार धूर झाला तेव्हा अंदाजानं पाऊल टाकलं." मग त्यांनी विचारलं, "मुद्दाम केलं का हो कुणी?"

मी नाही म्हटलं आणि तिघांची नावं सांगितली. "वायरमन तर बरा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलाजवळचा पंखा त्यानंच नीट करून दिला होता. मग मी रागवू तरी कुणावर?"

डूख धरलेला माणूस शोधून काढायला मी नोकरीत शिकलो. पण "एवढ्यानं काय होतंय" म्हणणाऱ्या बऱ्या माणसांपासून कुणाला कसं वाचवायचं, ते मला निवृत्त झाल्यावरही उमगलेलं नाही.