पाटीचा कोपरा

पुंजाराममामा अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेकाठी, घरीच गणित शिकवत. सन १८६६ च्या पौषात वाहेद त्यांच्याकडे आला. वय तीस, कापूस वाहायच्या स्वतःच्या आठ बैलगाड्या. कापसाला भाव होता, पण रूळ अकोल्याकडे सरकत होते. आगगाडी आली की गाड्यांना काम उरणार नव्हतं. म्हणून त्याला रेल्वेच्या गुदामात मापारी व्हायचं होतं. परीक्षा महिनाभरावर होती.

इंग्रजी वजनं मामांनी माझ्याकडून पाठ केली. मी त्यांची भाची, नागपूरला मडमांच्या शाळेत ती शिकले होते. अठ्ठावीस रत्तलांचा, म्हणजे पौंडांचा, एक क्वार्टर, चार क्वार्टरांचा एक हंड्रेडवेट. मामांनी अठ्ठावीसचा पाढा चालीत बसवला आणि वाहेदला घेऊन थेट कापसाच्या बाजारात बसले.

"पंतोजी, इथं गलका केवढा!"

"गुदामात का भजन चालन? म्हण पाढा."

पाढा आला; पण हातचा घेताना वाहेद दर वेळी अठ्ठावीसऐवजी चाळीसनं भागायचा. चाळीस शेरांचा मण जन्मभर मोजलेला.

"काहून रे चाळीस?"

"मी नाई करत, पंतोजी. हात करते."

"मंग हातावर पहारा ठेव. आधी अंदाज काढ, पाटीच्या कोपऱ्यात लिही, मंग हिशेब. दोन्ही जुळल्याबिगर साहेबाले पाटी दाखवू नोको."

महिनाभर हेच. एक दिवस वाहेद चिडून उठला, तेव्हा मामांनी त्याचं पागोटं धरून पुन्हा खाली बसवलं.

परीक्षेत रेल्वेच्या साहेबानं विचारलं: कापसाच्या एका गाठीचं वजन तीन क्वार्टर चौदा रत्तल, तर चौसष्ट गाठींचं किती? वाहेदनं अंदाज केला. दर गाठ हंड्रेडवेटला अर्धा क्वार्टर कमी, आठ गाठींमागे एक हंड्रेडवेट कमी. चौसष्टातून आठ वजा करून कोपऱ्यात छप्पन्न लिहिले. हिशेब केला तर साडेत्रेपन्न आणि वर सोळा रत्तल आले. साहेबानं हात पुढे केला.

"थांबा साहेब," म्हणून त्यानं पाटी छातीशी धरली. कोपरा सोडून सगळं पुसलं, अठ्ठावीसनं भागलं आणि मगच पाटी दिली. छप्पन्न.

संध्याकाळी तो अंगणात आला. पहिल्या तारखेपासून त्याला कामावर बोलावलं होतं. मामांनी आधी एकच विचारलं, "चाळीस आलं होतं?"

"आलं होतं."

"चाळीस गुदामातही येईन. तिथंही कोपरा मांडजो."

वाहेदनं मान हलवली. मामांनी दुसऱ्या दिवशीच्या शिकवणीसाठी पाटी पुसायला घेतली.