नवजातापेक्षा लहान

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणायचे. शाळेत तिने कधी शिकवलं नव्हतं, पण दिवसभर गुण देत बसायची म्हणून ते नाव पडलं. झाडूपासून झोपाळ्यापर्यंत सगळं घरपोच पाठवणाऱ्या एका ऑनलाइन दुकानात तिची नोकरी. गिऱ्हाइकाने शोधायच्या चौकटीत काहीतरी लिहिलं की ढीगभर वस्तू समोर यायच्या. त्यातली कुठली त्याला खरंच हवी होती, हे ती ठरवायची. कुणी ‘न चावणारे बूट’ असं लिहिलं, तर त्या माणसाच्या टाचा सोललेल्या आहेत आणि त्याला मऊ बूट हवेत, हे तिला चटकन कळायचं. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मग दुकानाने भाषा समजणारं मोठं मॉडेल आणलं. आता गुण तेच देणार, आणि त्या गुणांवरून कुठली वस्तू वर दिसायची, कुठली खाली, ते ठरणार. तिने फक्त तपासायचं, चुकलं तिथे दुरुस्त करायचं. तिच्या दुरुस्त्यांतले निवडक नमुने मॉडेलच्या सूचनांमध्ये घातले जायचे, म्हणजे पुढच्या वेळी ते तसाच विचार करेल. नोकरी शाबूत राहिली, पगारही राहिला. तरी आपलं काम दुसरं कुणी झरझर करताना बघितलं की त्याच्या चुका काढण्यात एक वेगळीच गोडी वाटायला लागते. तिलाही लागली.

एका दुपारी एक शोध समोर आला : ‘नवजातापेक्षा लहान कपडे’. मॉडेलने बाहुलीच्या फ्रॉकना अगदी कमी गुण दिले होते आणि दुकानाच्या यादीत तळाशी पडलेल्या इवल्याशा झबल्यांना भरपूर. खाली कारण दिलं होतं, ‘बाळ अपुऱ्या दिवसांचं असू शकतं.’

“ऐका, ऐका,” तिने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. “नवजातापेक्षा लहान म्हणजे बाहुली, एवढं साधं कळत नाही याला. उगाच फाटे फोडतंय.”

“मास्तरीणबाई, कान पिळा त्याचा,” साहेब हसत म्हणाले.

तिने गुण उलटे केले. शेरा मारला, ‘विचारणाऱ्याला बाहुलीचे कपडे हवेत. नसता अर्थ काढू नये.’ साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो नमुन्यांत घातला. मीटिंगमध्येही त्यावर हशा पिकला. झबली कुणी फारशी विकत घेत नव्हतंच, त्यामुळे पुन्हा कुणी तिकडे बघितलं नाही.

तिची धाकटी बहीण त्याच वर्षी बाळंत झाली, दिवस भरायच्या खूप आधी. आई गेल्यापासून या बहिणीच्या वेण्या हिनेच घातल्या होत्या, तिला हिनेच वाढवलं होतं. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी, काचेच्या पेटीत, नळ्यांच्या गुंत्यात. नर्स म्हणाली होती, मापाचं झबलं मिळालं तर आणा, इथली सगळी सैल होतात.

ती भेटायला गेली तेव्हा मेहुणे खाटेच्या कडेला फोन घेऊन बसले होते.

“ताई, तुझ्याच दुकानात शोधतोय आम्ही,” बहीण म्हणाली. “रोज बघतोय. नुसते बाहुलीचे फ्रॉक येतात. कितीही खाली गेलं तरी बाहुल्याच.”

“लिहिता काय पण तुम्ही?”

“नवजातापेक्षा लहान,” मेहुणे म्हणाले. “दुसरं काय लिहिणार?”

बहीण हसायला गेली. “आहेच की आमची बाहुलीएवढी,” म्हणाली आणि तोंडावर चादर ओढून घेतली.

हिला आपलाच शेरा आठवला. ती बाहेर जिन्यात आली. साहेबांना फोन करून तो नमुना ताबडतोब काढायला लावला, आणि झबल्याचं नेमकं नाव घालून स्वतः मागवलं. ते सापडायला तिला क्षणही लागला नाही.

पार्सल आलं तेव्हा बाळ नव्हतं. कपड्यांनी काही जीव वाचला नसता, हे डॉक्टरांना न विचारताही सगळ्यांना कळत होतं. पण पोर गेली ती हॉस्पिटलच्या फडक्यात गुंडाळून.

महिन्याभराने ती बहिणीकडे गेली, ठरवूनच. बहीण कणीक मळत होती. “ते कपडे सापडत नव्हते ना,” हिने सुरुवात केली, “त्याचं कारण—”

“नको ना ताई तो विषय.”

हिने वाक्य तिथेच सोडलं. आणि बसल्या बसल्या तिला जाणवलं, आपल्याला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची लाज तिला चुकीपेक्षाही जास्त वाटत राहिली.

“एवढ्या लाखांतला एक नमुना तो, मनाला लावून घेऊ नका,” साहेब म्हणाले. त्यांचं म्हणणं हिशेबाने बरोबरच होतं. पण तो शोध पहिल्यांदा ज्याने लिहिला, त्यालाही त्या दिवसानंतर बाहुल्याच दिसल्या असतील, हे तिच्या डोक्यातून जाईना. तो कोण होता, त्याचं पुढे काय झालं, हे कळायची काही सोयच नव्हती.

मास्तरीणबाई अजून त्याच खुर्चीवर आहे. मॉडेलने दिलेलं कारण ती आता शेवटपर्यंत वाचते, मोठ्याने कधीच वाचत नाही. ऑफिसातले म्हणतात, बाई हल्ली फार सावकाश काम करतात. बहिणीशी बोलणं होतं, हवापाण्याचं, तब्येतीचं. सांगायचं ते राहूनच गेलंय, आणि जसजसे दिवस जातायत तसतसं ते आणखी अवघड होत चाललंय.