आईच्या अस्थी आणि खोटी क्षिप्रा

आमच्या बाबांचा जन्म सरकारी नोकरीत गेला, पेन्शन सरकारची, आणि सरकारवर विश्वास मात्र कवडीचा नाही. रिटायर झाल्यावर हे जे सुरू झालं ते थांबेचना. इथल्या उज्जैनच्या टावर चौकात मित्रांबरोबर चहा प्यायचा, मोबाईलवर काहीबाही बघायचं आणि घरी येऊन सांगायचं. नवीन वीज मीटर घरातलं बोलणं ऐकतं. लस टोचली ती माणसं कमी करायला. आणि शेवटी हिंदीत ठरलेलं वाक्य, ‘सब मिले हुए हैं.’

मी वाद घालायची, आवाज चढवायची. आई मात्र म्हणायची, ‘असेल हो. चहा घ्या.’ तेवढ्यावर ते गप्प व्हायचे. तिला हे कसं जमायचं देव जाणे.

सगळ्यात जास्त राग क्षिप्रेवरून. नर्मदेचं पाणी पाइपातून आणून क्षिप्रेत सोडतात, हे उज्जैनमध्ये शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण बाबांचं म्हणणं, खरी क्षिप्रा वरच्या अंगालाच अडवून कारखान्यांना विकली, आणि ते झाकायला हे पाणी. अहो, पेपरात सगळं आलं होतं, मी म्हटलं. पेपरात आलं म्हणजेच खोटं, ते म्हणाले. आता बोला!

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. मी एकुलती एक, सगळं मलाच बघायचं होतं. तिसऱ्या दिवशी अस्थी आणल्या. घरात न्यायच्या नसतात म्हणून लाल फडक्यात बांधून माधव नगरच्या आमच्या अंगणातल्या कडुनिंबाला टांगल्या. दहाव्यापर्यंत क्षिप्रेच्या रामघाटावर सोडायच्या, आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तसंच चालत आलंय. बाबा आडवे आले. त्या पाण्यात सोडायच्या नाहीत म्हणाले.

गुरुजींनी समजावलं, नर्मदा काय कमी पवित्र आहे का. बाबा त्यांच्याकडे असे बघत राहिले, जणू गुरुजींनाही कुणीतरी पढवून पाठवलंय. मग थेट नर्मदेवर, ओंकारेश्वरला नेऊ म्हटलं, तर तेही नको. आई क्षिप्रेकाठची, तिला क्षिप्राच हवी. रोज सकाळी खुर्ची टाकून ते त्या झाडाखाली बसत. वाऱ्यानं गाठोडं हललं की उठून हातानं स्थिर करत. बघवत नव्हतं.

नवव्या दिवशी माझा तोल गेला. ‘मग खरी क्षिप्रा कुठे आहे ते दाखवा, तिथे सोडते,’ मी ओरडलेच.

बाबांचे डोळे भरून आले. ‘तेच तर कोणी सांगत नाही ना गं. हिला त्या खोट्या पाण्यात कशी सोडू?’

मला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीवही आली. आईला असं टांगून ठेवणं मला सहन होईना. दहाव्याला सकाळी रामघाटावर जाऊ म्हणून हाक मारली, तर ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग मी फांदीवरून गाठोडं सोडवलं आणि एकटीच रिक्षानं गेले. पाणी हिरवट होतं, काठाशी झेंडूची फुलं साचलेली. हात पाण्यात घातला आणि क्षणभर मलाही वाटलं, हे नक्की कुठलं पाणी? स्वतःचीच चीड आली. घाटावर आलेल्या गुरुजींनी मंत्र म्हटले, मी अस्थी सोडल्या, हमसून रडले आणि घरी आले.

बाबा अंगणात रिकाम्या फांदीकडे बघत उभे होते. मी सांगितलं, रामघाटावर सोडल्या, सगळं रीतीनं झालं. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बघणं ओळखीचं होतं. मीटर वाचायला येणाऱ्या माणसाकडे ते असंच बघतात.

‘असं सांगायला तुला कोणी सांगितलं?’ त्यांनी विचारलं.

मी चहा केला. त्यांनी तो घेतला नाही.

आता माझ्याशी ते वाद घालत नाहीत. टावर चौकातलंही मला काही सांगत नाहीत. फक्त मधूनच, जेवताना वगैरे, आवाज अगदी खाली आणून विचारतात, ‘खरं सांग, कुठे ठेवलंयस तिला?’