शेजारी देऊळ

“शेजारी ओतेरा आहे. चालेल ना?” घरांच्या एजंटने, नाकामुरा-सानने, मला तिसऱ्यांदा विचारलं. ओतेरा म्हणजे देऊळ. मी म्हणाले, “चालेल काय, आवडेल.” तो माझ्याकडे आदराने बघायला लागला. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

तोक्योतल्या एका भारतीय आयटी कंपनीत मी दुभाषी होते. कागदावर माझं काम क्लायंट मीटिंगचं. प्रत्यक्षात भारतातून येणाऱ्या इंजिनिअर मंडळींना घर, गॅस कनेक्शन आणि दातांचा डॉक्टर मिळवून देण्याचं.

या खेपेला नंबर कुलकर्ण्यांचा होता. ते प्रोजेक्ट मॅनेजर, बायको अनघा, चार वर्षांचा ओम. त्यांच्या तेव्हाच्या, फुनाबोरीच्या फ्लॅटमध्ये ओम धावला की खालचे आजोबा छताला काठी ठोकायचे. मग अत्यंत नम्र भाषेत चिठ्ठी यायची. सहाव्या चिठ्ठीनंतर मालकाने महिनाअखेर जागा सोडायला सांगितली. चार ठिकाणी ‘परदेशी नकोत’ हे ऐकून झालं होतं. घर मिळालं नाही तर अनघा ओमला घेऊन पुण्याला परत जाणार होती. कुलकर्णी मला दिवसातून तीन मेल पाठवत.

अशात उपनगरातलं हे स्वतंत्र दुमजली घर आलं. जपानमध्ये घराच्या माहितीपत्रकात आसपासचं सगळं चालायच्या मिनिटांत लिहितात. स्टेशन आठ मिनिटं, सुपरमार्केट चार, मुलांचा डॉक्टर पाच. अगदी खाली, बारीक अक्षरांत: शेजारी ओतेरा. ते बारीक अक्षरांत का, हा प्रश्न मला पडला नाही. मी मराठीत यादी केली आणि देऊळ सगळ्यात वर टाकलं.

“सासूबाई आल्या की त्यांची सोय होईल,” अनघा म्हणाली.

मालकीणबाईंनी लगेच होकार दिला. “किती समजूतदार माणसं,” म्हणत त्या दोनदा वाकल्या.

घर तोवर आम्ही फोटोंतच पाहिलं होतं. किल्ली मिळाली त्या दिवशी अनघाने वरच्या मजल्याची मागची खिडकी उघडली आणि तशीच उभी राहिली. खाली थडग्यांच्या रांगा होत्या. स्वच्छ धुतलेल्या, ताजी फुलं वाहिलेल्या, पार कुंपणापर्यंत.

“मॅडम, हे देऊळ?” कुलकर्ण्यांनी विचारलं.

ओतेरा म्हणजे बौद्ध मंदिर, आणि त्याच्या आवारात बहुधा दफनभूमी असतेच. जपानी माणूस ते गृहीत धरतो आणि सहसा असं घर घेत नाही. माझा शब्द बरोबर होता, अर्थ मसणात गेला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मी आजच रद्द करते,” मी म्हणाले.

तेवढ्यात ओम जिन्यावरून धाडधाड खाली पळाला. “ओम, हळू!” आम्ही तिघंही ओरडलो आणि सवयीने काठीच्या आवाजाची वाट पाहत थांबलो. आवाज आलाच नाही.

अनघाने पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. “यांच्यातलं कोणी चिठ्ठी पाठवेल असं वाटत नाही,” ती म्हणाली. मग जिन्यातून वाकून तिने हाक मारली, “ओम, पळ रे परत.”

ते तिथे चार वर्षं राहिले. माझ्या शब्दांच्या वहीत मी ‘ओतेरा’पुढचं ‘देऊळ’ खोडून ‘आधी मागची खिडकी उघडा’ असं लिहिलं.

त्या चार वर्षांत तक्रार एकदाच आली. सर्वपित्रीला अनघाच्या सासूबाईंनी कुंपणावर भाताचं पान ठेवलं आणि पंचवीस-तीस कावळे उतरले. कचऱ्यावर जाळी टाकून कावळ्यांना हाकलण्यात हयात गेलेले शेजारी हवालदिल झाले. मी शेजाऱ्यांची माफी मागून परतले, तर सासूबाई तृप्त होत्या.

“पुण्यात एका कावळ्यासाठी दोन-दोन तास ताटकळतो गं,” त्या म्हणाल्या. “सोय असावी तर अशी.”